वाकळेतलं लोखंड

मला सापाची भीती वाटत नाही. उसाच्या रानात लहानपण गेलं, साप दिसला की बाजूला व्हायचं एवढं कळतं. भीती वाटते ती सुईची. निम्म्या गल्लीची ब्लाउजं शिवणाऱ्या बाईनं असं म्हटलं की समोरची हसते. हसू दे. साप निदान हलतो. सुई पडली तर आवाज होत नाही, ती दिसत नाही, आणि कुणाच्या तरी पायात शिरेपर्यंत ती कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. आष्ट्याच्या आमच्या घरात पुढच्या खोलीत माझं मशीन आलं, तेव्हापासून त्या खोलीत मी कुणाला अनवाणी येऊ देत नाही.

माझी ही भीती आमच्या ह्यांना चांगली माहीत आहे. हे फौजेत गाड्या दुरुस्त करायचे. निवृत्त होऊन घरी आले आणि उसाला पाणी पाजून झालं की दिवसभर काय करायचं ते सुचेना. मग माळ्यावरचा फाटका स्पीकर काढला, फोडला आणि आतला काळा गोल चुंबक बाहेर काढला. तेव्हा जे खूळ डोक्यात शिरलं ते अजून गेलेलं नाही. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक त्या चुंबकावर एकाच दिशेनं घासत बसायचे. मग स्क्रू टोकाला धरून राहतो, बोर्डाच्या मागे पडत नाही. हातोडीच्या दांड्याला खाच पाडून तिच्यात एक चुंबक बसवला, म्हणजे शिडीवर चढल्यावर खिळे ओठांत धरायला नकोत. स्वयंपाकघरात खिडकीखाली चुंबकाची पट्टी लावून सुऱ्या, सांडशी, किसणी सगळं तिथे चिकटवलं. शर्टाच्या खिशात नाण्याएवढा एक चुंबक कायम असायचा, कुठे काय पडेल सांगता येत नाही म्हणून.

"उद्या मलाबी भिंतीला चिकटवून ठेवा," मी म्हणायचे.

"तुला पेलणारा चुंबक अजून निघाला न्हाई," हे म्हणायचे.

मी चेष्टा करायचे खरी, पण माझ्या हत्यारांनाही त्यांनी सोडलं नाही. शिवताना मध्येच उठायची वेळ आली की सुई डाव्या खांद्यावर पदरात टोचून ठेवायची मला सवय होती. सासूबाईंकडून आलेली, त्यांना मी आत्या म्हणते. एकदा शेजारणीनं बोलता बोलता माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तिच्या तळव्यातून रक्त आलं. ह्यांनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी एका डब्याच्या झाकणाखाली चुंबक बसवून मला दिला. सुई त्या झाकणावर टाकायची, ती तिथून हलत नाही. माझी कात्री चुंबकावर घासून दिली, टाचण्या तिच्या पात्याला चिकटून येतात. माझ्या लाकडी पट्टीच्या टोकाला एक मोठा चुंबक बांधून दिला. काम संपलं की ती पट्टी फरशीवरून फिरवायची आणि टोकाला काय काय लागलंय ते बघायचं. पहिल्या दिवशी टाचण्यांबरोबर माझी एक हरवलेली हूकची पुडीसुद्धा निघाली. तेव्हापासून मी निर्धास्त झाले. खांद्यावरची सवय सुटली, असं मला वाटत होतं.

आमची लेक पुण्याला असते. पहिल्या बाळंतपणाला ती आमच्याकडे आली आणि तिला मुलगा झाला. थंडीचे दिवस होते, रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या, सकाळी अंगणात धुकं असायचं. आत्यांनी आपली जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली लुगडी काढली आणि आम्ही दोघींनी बाळासाठी वाकळ शिवायला घेतली. आत्यांना आता कमी दिसतं, पण टाका अजून सरळ पडतो. शिवता शिवता त्यांची कुरकुर चालू होती. बाळंतिणीच्या उशाखाली त्यांनी विळा ठेवला होता, आमच्यात ठेवतात तसा, वाईट नजर लागू नये म्हणून. लेकीनं तो दुसऱ्याच दिवशी काढून बाहेर ठेवला होता.

"आज्जी, कुणालातरी लागंल ते," एवढंच ती म्हणाली होती.

 तेव्हापासून बाळ जरा कुठे शिंकलं की आत्या माझ्याकडे बघायच्या.

शेवटच्या संध्याकाळी एकच कोपरा शिवायचा राहिला होता. थंडी लय होती, मी ह्यांचा फौजेतला जुना स्वेटर घातला होता. शेवाळी रंगाचा जाड लोकरीचा, दोन्ही खांद्यांवर जाड कापडाचे तुकडे शिवलेला. तो स्वेटर त्या महिन्यात माझ्या अंगावरून उतरत नव्हता. आत्या म्हणाल्या, "तू च्या टाक जा, कोपरा मी धरते." चहा घेऊन आले तेव्हा कोपरा दुमडून तयार होता. बारीक सुई घेऊन मी तो बंद करायला बसले. शेवटचा टाका घालून दोरा तोडला, तेवढ्यात दिवे गेले आणि आत बाळ रडायला लागलं. मी उठून आत गेले. त्या रात्रीपासून बाळ त्या वाकळेवर झोपायला लागलं.

मग हळूहळू एक गोष्ट सुरू झाली. मी बाळाला उचललं की ते रडायचं. वाकळेवरून उचलून खांद्याशी धरलं, पाठ थोपटायला लागले की एकदम किंचाळायचं. नेहमी नाही, पण पुष्कळदा. लेक हसायची. "तू घेतलंस की रडतोय बघ. आज्जी पसंत न्हाई त्याला." मीही हसायचे. पोटात वारा धरला असेल म्हणून ओवा चावून त्याची फुंकर मारायचे, पोटाला हिंग लावायचे.

एका दुपारी झबल्याला बंद लावायला बसले आणि बारीक सुईसाठी झाकणाकडे हात नेला. झाकणावर ती नव्हती. कात्रीला नव्हती. पट्टी फरशीवरून फिरवली, मशीनखाली, कपाटाखाली, सतरंजी उलटी करून. टोकाला टाचण्या आल्या, केसातली पिन आली, ह्यांचा एक स्क्रू आला. सुई आली नाही. पदर चाचपला, ब्लाउजचा खांदा चाचपला. मग आठवलं, की ती सुई मी शेवटची हातात धरली होती ती वाकळेचा कोपरा बंद करताना.

मी उठून आत गेले. लेक झोपली होती. तिच्या कुशीशी बाळ त्याच वाकळेवर झोपलं होतं, मूठ गालाशी धरून. मी त्याला उचललं नाही. उचलण्याची छाती होईना. वाकळेवरून उचललं की ते का किंचाळतं, ते मला आता कळत होतं. सुई खाली असणार, आणि उचलताना ती पाठीत सरकत असणार. मी हळूच झबलं वर केलं. पाठ साफ होती. मग पोटाकडून बघितलं. छातीवर, गळ्याच्या जरा खाली, एक लाल ठिपका होता. त्याच्या शेजारी दुसरा, सुकत आलेला. डासाचा असेल, मी स्वतःला म्हटलं. पण डासांसाठी मच्छरदाणी लावलेली होती. आणि सुई पाठीतून शिरली तर पुढे येऊन टोचेल का, असला विचार डोक्यात आला, तेव्हा मी झबलं पटकन खाली ओढलं.

लेकीला उठवलं नाही. मागच्या दारी हे मोटारीचा पाइप बांधत बसले होते, त्यांच्याजवळ गेले.

"आवं, सुई घावंना."

"कुठली?"

"बारीक. वाकळेची."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हातातलं सगळं खाली ठेवलं.  आत येताना पट्टी घेतली, हातोडी घेतली, खिशातला चुंबक हातात घेतला. लेक जागी झाली होती, काय चाललंय म्हणून विचारत होती. मी तिला बाळाला घेऊन बाजेवर बसायला सांगितलं, वाकळ झटकायची आहे म्हणाले. तिनं घेतलं. बाळ रडलं नाही. मला वाटलं, नशीब.

हे आधी बाळाकडेच वळले. हातातला छोटा चुंबक त्याच्या छातीपाशी नेत होते. मी त्यांचं मनगट धरलं.

"पोराच्या अंगावर न्हाई."

"नुसतं बघतो."

"आत असली तर? आतून ओढली तर?"

त्यांचा हात तसाच राहिला. फौजेत किती वर्षं काढली, काय काय पाहिलं, मी त्यांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं. त्या वेळी पाहिलं. त्यांनी मूठ मिटली, हात पाठीमागे नेला आणि दोन पावलं मागे सरकले. आता लेकीपासून काही लपलं नाही. ती मोठ्यानं रडली नाही, बाळाला दोन्ही हातांवर धरून बसली, छातीशी लावायचीही तिला भीती वाटत होती.

वाकळ आम्ही फरशीवर पसरली. ह्यांनी पट्टीचा चुंबक एका कडेपासून फिरवायला सुरुवात केली, शेताला पाणी पाजावं तसं, एक सरी संपली की दुसरी. काही लागेना. मी वाकून त्यांच्या हाताकडे बघत होते. शेवटच्या कोपऱ्यावर, मी बंद केलेल्याच कोपऱ्यावर, पट्टी एकदम खाली ओढली गेली आणि कापड तिच्याबरोबर वर उचललं गेलं.

"हाय," हे म्हणाले. "हाय बघ. हितंच हाय."

मला रडू फुटलं. लेक बाळाचे मुके घ्यायला लागली. मी कात्री आणली आणि माझेच टाके भराभरा उसवले, आत बोटं घातली. बोटांना सुई लागली नाही. लागली ती एक पुरचुंडी. लाल चिंधीत बांधलेली, हळदीनं पिवळी झालेली. सोडली तर आत तांदळाचे दाणे आणि बैलाच्या नालेचा झिजलेला तुकडा.

आत्या दारात उभ्या होत्या. कधी येऊन उभ्या राहिल्या ते कळलं नाही.

"ते का काढलंस गं?" त्या म्हणाल्या. "विळा ठेवून देत न्हाईत म्हणून घातलं व्हतं. तेवढंच घातलं व्हतं."

 ह्यांनी तो लोखंडाचा तुकडा लांब नेऊन ठेवला आणि पुन्हा चुंबक फिरवला. आडवा, मग उभा, मग वाकळ उलटी करून. आता कुठेच काही लागलं नाही. तेव्हा खरी भीती काय असते ते मला कळलं. मघापर्यंत सुई वाकळेत असेल ही भीती होती. आता ती वाकळेत नाही ही भीती होती. फरशी बघून झाली, मशीन बघून झालं, वाकळ बघून झाली. न बघितलेलं एकच काहीतरी उरलं होतं, आणि ते लेकीच्या हातांवर गाढ झोपलं होतं.

"सांगलीला जाऊ," हे म्हणाले. "एक्स-रेचा फोटो काढू."

नाक्यावर वडापची जीप उभीच होती. ह्यांनी पुढची रांग आमच्यापुरती घेतली आणि ड्रायव्हरला सांगितलं, थांबायचं नाही. आत्यांनाही यायचं होतं, त्यांना घरी बसवलं. सांगलीची वाट मला पाठ आहे, अस्तराचं कापड आणायला मी त्याच वाटेनं जाते. त्या दिवशी ती संपेना. पुढे उसाची ट्रॉली, तिच्यापुढे आणखी एक. रस्त्यावर खड्डा आला की माझे डोळे आपोआप मिटत. प्रत्येक धक्क्याला ती सुई आत जराशी पुढे सरकतेय असं दिसायचं. बाळ लेकीच्या मांडीवर अगदी शांत होतं. एकदाही रडलं नाही, आणि ते रडत नाही याचीच मला धास्ती वाटायला लागली. मी पुन्हा पुन्हा त्याच्या नाकापाशी बोट धरत होते. लेक म्हणाली, "आई, नको ना गं. मला भ्या वाटतंय तू असं केल्यावर." मग मी हात मांडीखाली दाबून बसले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी ठिपके बघितले, बोटानं दाबून बघितलं, आणि फोटोसाठी आत पाठवलं.  आतल्या माणसानं बाळाचा करगोटा काढायला सांगितला, हातातले काळे मणी काढायला सांगितले. पाय धरायला एकजण लागेल म्हणाला. लेक मागे सरकली, मी पुढे झाले. अंगावर शिशाचा जड एप्रन चढवायचा होता, स्वेटरवरून तो बसेना, म्हणून स्वेटर काढून ह्यांच्या हातात दिला. ते त्याची घडी छातीशी धरून बाहेरच्या बाकावर जाऊन बसले.

थंडगार टेबलावर बाळाला ठेवलं तेव्हा ते रडलं. मी त्याचे पाय धरले होते. एवढेसे पाय, माझ्या मुठीत मावून वर जागा उरत होती. मी देवाचं नाव घ्यायला बघत होते आणि मला एकही देव आठवेना.

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर फोटो बघितला. खालीवर करून बघितला. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "आत काही नाही. कुठेच काही नाही. ते वरवर टोचल्याचं आहे, भरून येईल."  लेक हसत होती आणि रडत होती. बाहेर बाकापाशी आलो तशी तिनं बाळ माझ्यापुढे धरलं.

"घे आता. किती घाबरलीस. घे त्याला."

मी दोन्ही हात पुढे केले. अंगात थंडी भरली होती म्हणून ह्यांना म्हणाले, "तेवढा स्वेटर टाका खांद्यावर." हे उठले, स्वेटर माझ्याकडे द्यायला गेले, पण तो त्यांच्या छातीपासून सुटेना. खिशाला कुठेतरी अडकला असेल म्हणून त्यांनी ओढला. सुटला, आणि पुन्हा खिशाकडे गेला. आम्ही दोघांनीही ते बघितलं. त्या खिशात त्यांचा चुंबक होता.

"थांब," हे म्हणाले. "घेऊ नको त्याला."

त्यांनी स्वेटर बाकावर पसरला. डाव्या खांद्यावरच्या जाड कापडाच्या तुकड्याखाली, लोकरीत आडवी शिरलेली ती सुई होती. टोक तेवढं बाहेर, तांदळाच्या कणीएवढं. त्यांनी चिमटीत धरून ती ओढून काढली.

त्या संध्याकाळी दिवे गेले होते. झाकण अंधारात दिसत नव्हतं आणि बाळ रडत होतं. मी काय केलं असणार ते मला आठवायची गरजच नव्हती. माझ्या हाताला ते माझ्याआधी पाठ होतं. वाकळेत काही नव्हतं. वाकळेवर झोपलेलं असताना त्याला कसलाही धोका नव्हता. ते मी उचलल्यावर रडायचं, आणि ते रडायला लागलं की मी त्याला गप करायला आणखी घट्ट खांद्याशी धरायचे. लेकीनं हे किती दिवस हसत हसत मला सांगितलं होतं. आता तिनं बाळाला स्वतःकडे ओढून घेतलं, मुद्दाम नाही, नकळत, आणि मला ते दिसलं.

घरी आलो तेव्हा आत्या उंबऱ्याशी बसल्या होत्या. मांडीवर उसवलेली वाकळ, हातात तो नालेचा तुकडा. आम्हाला बघून उठायला गेल्या, त्यांना उठवेना.

"माझ्या लोखंडानं झालं का काय गं?"

"न्हाई आत्या," मी म्हणाले. "तुमच्या न्हाई."

त्यांच्या शेजारी बसून मी ती पुरचुंडी पुन्हा बांधली आणि कोपऱ्यात ठेवली. लेक बघत होती. ती नको म्हणाली नाही. मी कोपरा शिवला, आणि दोरा तोडून झाल्यावर सुई ह्यांच्या हातात दिली.

त्यानंतर रोज, बाळाला घेण्याआधी मी ह्यांच्यापुढे हात पसरून उभी राहायचे. हे पट्टीचा चुंबक माझ्या खांद्यांवरून, पदरावरून, बाह्यांवरून फिरवायचे, फौजेच्या फाटकावर पाहुण्याला तपासावं तसं. चेष्टा दोघांनीही केली नाही. कधी त्यांनी एकदा फिरवला तर मीच म्हणायचे, अजून एकदा बघा. तो स्वेटर मी पुन्हा घातला नाही. तरी घेताना मी त्याला अंगापासून जरा लांबच धरायचे, आणि लगेच परत द्यायचे.

लेक पुण्याला निघाली त्या सकाळी गाडी दारात उभी होती. ह्यांनी माझ्यावरून चुंबक फिरवला. "काही न्हाई," म्हणाले. "घे. नीट घे." लेकीनं बाळ माझ्याकडे दिलं. मी त्याला वर घेतलं, बऱ्याच दिवसांनी, डाव्या खांद्याशी. त्याचा गाल अजून माझ्या खांद्याला टेकलाही नव्हता, तेवढ्यात त्यानं अंग ताठ केलं आणि तोंड फिरवून रडायला लागलं.

खांद्यावर काही नव्हतं. मी त्याला लेकीकडे दिलं आणि वाकळेची घडी घालायला घेतली. घडी घालताना कोपऱ्यातलं लोखंड बोटांना लागलं. तो कोपरा आत घेऊन मी वाकळ पिशवीत भरली आणि गाडीत ठेवली.